जैसलमेर : पाणी, दगड आणि वाट

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की कोणत्या राजाने कोणता किल्ला कधी जिंकला आणि कोणाचा वंश कोठे खुंटला हेच ऐकायला मिळणार, अशी श्रोत्यांची साधारण समजूत असते. मी ज्या गावाविषयी बोलणार आहे तेथेही राजे होऊन गेले. तेथे किल्ला आहे, वेढे आणि जोहार यांच्या कथा आहेत, आणि त्या सांगणारे वाटाडेही पुष्कळ आहेत. परंतु मला पडलेला प्रश्न निराळा आहे. जेथे वर्षाकाठी पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडला तर नशीब समजायचे, त्या ठिकाणी साडेआठशे वर्षे हजारो माणसे राहिली कशी? ती प्यायली काय, त्यांनी खाल्ले काय, आणि एवढ्या उजाड मुलखात एवढी संपत्ती आली कोठून? आणि एकदा आलेली संपत्ती गेली कोठे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला मुंबईच्या गोदीपर्यंत यावे लागते, म्हणून हा विषय मी या व्याख्यानमालेसाठी निवडला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कामगार चळवळीतली वीसेक मंडळी जैसलमेरला तीन दिवस राहून आलो. तीन दिवसांत गाव समजत नाही; पण काय वाचायचे ते समजते. जोधपूरहून पश्चिमेला सुमारे पावणेतीनशे किलोमीटर गेल्यावर, खुरटी झुडपे आणि खडकाळ माळ यांच्या मधून एक पिवळी टेकडी दिसू लागते. जवळ गेल्यावर कळते की टेकडीचा वरचा भाग टेकडीचा नाही, तो माणसांनी रचलेला आहे. हाच त्रिकूट टेकडीवरचा जैसलमेरचा किल्ला. ९९ बुरूज, टेकडीच्याच रंगाचा दगड, आणि आत अजूनही नांदती घरे. बंगालमधले प्रवासी याला 'सोनार केल्ला' म्हणतात. सत्यजित राय यांचा त्या नावाचा चित्रपट १९७४ मध्ये निघाला आणि तेव्हापासून बंगाली पर्यटकांची रीघ लागली ती अजून थांबलेली नाही. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा एक आहे.

परंपरेप्रमाणे भाटी राजपुतांचा रावळ जैसल याने ११५६ मध्ये हे गाव वसवले. त्यापूर्वीची राजधानी लोद्रवा, येथून सुमारे पंधरा किलोमीटरवर. ती सपाटीवर होती आणि हल्ल्यांना तोंड देण्यास अपुरी होती, म्हणून टेकडी शोधली गेली, असे सांगतात. पुढे दिल्लीच्या सुलतानांचे वेढे पडले. लोक 'अडीच साके' झाल्याचे सांगतात, म्हणजे दोन पुरे आणि एक अर्धा. १५७० मध्ये रावळ हरराजाने अकबराचे मांडलिकत्व पत्करले. राजकीय इतिहास मी एवढ्यावरच सोडतो. कारण टेकडी संरक्षण देते, पोट भरत नाही. जैसलमेरचे पोट भरले ते वाटेने. सिंध आणि मुलतान एका बाजूला, माळवा आणि गुजरात दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये थरचे वाळवंट. उंटांच्या तांड्यांना हे वाळवंट ओलांडायचे तर मध्ये विसावा हवा, पाणी हवे, दरोडेखोरांपासून संरक्षण हवे. ते जैसलमेरने पुरवले आणि त्याचा मोबदला जकातीच्या रूपाने घेतला. वाळवंटातले बंदरच म्हणा ना! समुद्राच्या जागी वाळू आणि गलबतांच्या जागी उंट, एवढाच काय तो फरक.

परंतु बंदराला जसा धक्का लागतो तसे या बंदराला पाणी लागत होते, आणि ते निसर्गाने दिलेले नव्हते. ते माणसांना जमवावे लागले.

गावाच्या आग्नेयेला गडीसर नावाचे तळे आहे. चौदाव्या शतकात रावळ गडसी याच्या नावाने ते बांधले गेले. आज तेथे होड्या फिरतात, छत्र्यांपाशी छायाचित्रे काढली जातात. परंतु १९६५ पर्यंत गावाच्या पिण्याच्या पाण्याची सारी भिस्त या तळ्यावर होती. याला नदी नाही, झरा नाही. आजूबाजूच्या विस्तीर्ण खडकाळ माळावर पडलेला पाऊस उताराने वाहत येऊन येथे साठतो. या माळाला तेथे 'आगोर' म्हणतात. आगोरात कोणी घाण करायची नाही, पायताण घालून जायचे नाही, गुरे सोडायची नाहीत, असे कडक दंडक होते. तळ्याच्या काठी एक सुंदर दरवाजा आहे, 'तीलों की पोल'. तो तीलों नावाच्या गणिकेने बांधला. प्रतिष्ठितांनी हरकत घेतली की गणिकेने बांधलेल्या कमानीखालून आम्ही पाण्याला कसे जावे? तेव्हा तिने वर श्रीकृष्णाची मूर्ती बसवून टाकली आणि मग पाडण्याची कोणाची छाती झाली नाही, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, पाण्याशी सर्वांचा सारखा संबंध असला तरी पाण्याच्या वाटेवर मान कोणाला असावा यावर भांडण होते, हे तिच्यातून दिसते. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गावाचे झाले, खेड्यांचे काय? तेथे दोन युक्त्या होत्या, आणि त्या पाहिल्यावर आपण वाळवंटातल्या माणसाला अडाणी समजण्याचे सोडून देतो. पहिली खडीन. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा. पावसाळ्यात वरच्या उतारावरचे पाणी वाहत येऊन बांधाच्या आत तुंबते. जास्तीचे पाणी सांडीवरून पुढच्या खडिनीत जाते. थंडी सुरू होईतो पाणी जमिनीत मुरते आणि त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरतात. वरून एकही पाऊस न पडता, विहिरीचे पाणी न देता रब्बीचे पीक उभे राहते. ही पद्धत पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास प्रचारात आणली असे मानतात. पालीवाल म्हणजे पाली गावाकडून आलेले. हे शेतीही करीत आणि सावकारीही. खडिनीसाठी शेताच्या दसपट-पंधरापट उतार मोकळा ठेवावा लागतो, म्हणजे एकट्याच्या मालकीने हे काम होत नाही. साऱ्या गावाला मिळून ठरवावे लागते. जिथे पाणी थोडे तिथे सहकार ही चैन नसून गरज असते.

दुसरी युक्ती कुई. या वाळवंटात काही ठिकाणी वाळूखाली खडी मातीचा, म्हणजे जिप्समचा, एक पट्टा आहे. त्याच्या खाली खोलवर खारे पाणी आहे. वर पडलेला पाऊस वाळूत मुरतो पण या पट्ट्यामुळे खारट पाण्यात मिसळत नाही, वाळूत ओल होऊन राहतो. ही ओल मिळवण्यासाठी अरुंद आणि खोल विहीर खणतात, ती कुई. चारी बाजूंच्या वाळूतली ओल थेंबाथेंबाने तिच्यात गळते आणि दिवसाकाठी दोन-तीन घडे गोड पाणी मिळते. कुई खणणाऱ्या कसबी माणसाला 'चेजारो' म्हणतात. जागा इतकी अरुंद की कुदळ चालवता येत नाही, म्हणून आखूड दांड्याच्या हत्याराने खणायचे. वरून खडा पडला तर डोके फुटू नये म्हणून डोक्यावर धातूचे भांडे टोपासारखे घालायचे. खाली उष्मा असह्य होतो, तेव्हा वरचे लोक मूठमूठ वाळू जोराने खाली फेकतात. तिच्याबरोबर वरची थंड हवा खाली जाते आणि खालची तापलेली हवा वर येते. वाळू ढासळू नये म्हणून खींप नावाच्या गवताचा जाड दोर वळून त्याची वेटोळी आतून बसवायची. यंत्र नाही, पंखा नाही, लिहिलेले पुस्तक नाही. आणि तरी प्रत्येक अडचणीवर उपाय आहे.

ही सारी विद्या लिहून ठेवण्याचे श्रेय मोठ्या अंशी अनुपम मिश्र यांना आहे. त्यांचा जन्म १९४८ मध्ये आपल्या वर्ध्याला झाला. त्यांचे 'राजस्थान की रजत बूँदें' हे पुस्तक १९९५ मध्ये निघाले. त्यात त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पूर्वी कुई पुरी झाली की गावात उत्सव होई, चेजारोला भेटवस्तू मिळत, आणि नाते तेवढ्यावर तुटत नसे. वर्षभराच्या सणावारांना त्याला मान असे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर त्याच्या नावाने धान्याची रास वेगळी काढली जाई. आता मजुरी देऊन त्याला वाटेला लावतात. जुन्या पद्धतीत जातीची बंधने होती, वेठही होती. मी तिचे गोडवे गाणार नाही. रोख मजुरी ही मोकळीक आहे हे मला पक्के ठाऊक आहे. पण ज्याच्या कामावर गाव पिढ्यान्‌पिढ्या जगणार त्याचा हक्क एका दिवसाच्या पैशात संपतो काय, हा प्रश्न त्या धान्याच्या राशीने विचारून ठेवला आहे. आजच्या भाषेत त्याला आपण निवृत्तिवेतन म्हणतो.

आता दगडाकडे वळू. जैसलमेरच्या हवेल्या पाहताना डोळे दिपतात, यात शंका नाही. पटवा घराण्यातल्या गुमानचंदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०५ च्या सुमारास, आपल्या पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या, आणि त्या पुऱ्या व्हायला निम्मे शतक लागले. एकेका सज्जावर, झरोक्यावर, जाळीवर केलेले काम इतके बारीक आहे की लाकूड की दगड असा भ्रम पडावा. हे काम सिलावटांचे, म्हणजे पाथरवटांचे. यांतले बहुतेक मुसलमान. त्यांनी जैन मंदिरांत, हिंदू सावकारांच्या वाड्यांत आणि राजवाड्यात सारख्याच निष्ठेने छिन्नी चालवली. बांधकामाची रीतही पाहण्यासारखी आहे. चुना न वापरता दगडात दगड अडकवून आणि लोखंडी आकड्यांनी सांधून भिंती उभ्या केल्या आहेत. चुना भाजायला सरपण लागते आणि विझवायला पाणी लागते. ही दोन्ही जेथे सोन्याच्या मोलाची, तेथे कारागिराने सांध्याची अक्कल वाढवली असावी असे मला वाटते.

मालकांची नावे प्रत्येक दारावर आहेत. कारागिरांची नावे शोधावी लागतात. नथमलाच्या हवेलीचे मात्र नशीब थोर. १८८५ मध्ये पुरी झालेली ही हवेली हाथी आणि लालू या दोघा भावांनी घडवली. एकाने उजवी बाजू घेतली आणि दुसऱ्याने डावी. लांबून दोन्ही बाजू सारख्या वाटतात, जवळ जाऊन पाहिले की तपशील वेगळे दिसतात. या दोन नावांपलीकडे शेकडो हात निनावी राहिले. जैसलमेरच्या सिलावटांची पुष्कळ घरे पुढे कराचीत स्थायिक झाली. तेथे बंदर वाढत होते, इमारती उठत होत्या, काम होते. १९४७ च्या फाळणीनंतर आणखीही गेली. कराचीतल्या जुन्या दगडी इमारतींवर या लोकांच्या हाताचा ठसा आहे. जो कारागीर एका गावाचे वैभव घडवतो त्याला पोटासाठी दुसऱ्या गावाचे वैभव घडवायला जावे लागते, हा इतिहासाचा जुनाच नियम आहे.

आजही राजस्थानात दगड फोडणारे आणि कोरणारे लाखो आहेत. छिन्नीच्या जागी यंत्र आले, काम जलद झाले, आणि धूळही दसपट झाली. ती धूळ फुप्फुसात साठून होणारा सिलिकोसिस हा रोग इतका फैलावला की राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. दगडाची जाळी विकत घेऊन घरी नेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की ती कोरताना पाणी मारले होते काय, तोंडावर फडके तरी होते काय, हा प्रश्न तिच्या सौंदर्याइतकाच महत्त्वाचा आहे.

या गावाने दगडाबरोबर कागद आणि ताडपत्रही जपले. किल्ल्यातल्या जैन मंदिरांत संभवनाथाचे मंदिर आहे आणि त्याच्या तळघरात जिनभद्रसूरी ज्ञानभांडार आहे. जिनभद्रसूरी हे खरतर गच्छाचे पंधराव्या शतकातले आचार्य. त्यांनी खंभातसारख्या ठिकाणी लेखनिक बसवून ग्रंथांच्या प्रती करवल्या आणि सुरक्षित जागा म्हणून त्या जैसलमेरात ठेवल्या. अकराव्या-बाराव्या शतकांतली ताडपत्रे येथे टिकली, याला दोन कारणे. एक तर परचक्राच्या वाटेपासून दूर असलेला बळकट किल्ला, आणि दुसरे कोरडी हवा. ज्या हवेने माणसाचा घसा सुकतो तिनेच पोथ्यांना कसर लागू दिली नाही. १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजी यांनी येथे मुक्काम करून हा सारा संग्रह लावला.

या भांडाराशी महाराष्ट्राचा एक धागा आहे. १८७४ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले जर्मन पंडित डॉ. ब्यूलर आणि त्यांचे तरुण सहकारी याकोबी जैसलमेरला पोचले. भांडारात त्यांना बिल्हण कवीच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची पोथी मिळाली. दोघांनी तेथेच बसून तिची नक्कल उतरून घेतली आणि १८७५ मध्ये ते काव्य मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. बिल्हण काश्मीरचा, त्याचा आश्रयदाता कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, आणि काव्यातली नायिका चंद्रलेखा ही आपल्या कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी. काश्मिरी कवीने दक्षिणेत बसून कऱ्हाडच्या राजकन्येचे स्वयंवर वर्णावे, त्याची पोथी राजस्थानच्या वाळवंटात शतकानुशतके पडून राहावी, आणि जर्मन माणसाने ती मुंबईत छापावी! भारताचा इतिहास एका प्रांताच्या पेटीत मावत नाही तो असा. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाचा एक श्लोक पुष्कळदा असतो. पाठ मोडली, मान वाकली, डोळे गेले, इतक्या कष्टाने लिहिले आहे तर जपून ठेवा, असा त्याचा भावार्थ. कामाच्या जागच्या त्रासाची ही लेखी तक्रार आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आता संपत्ती गेली कोठे ते पाहू. याचे एक उत्तर गावात सर्वांच्या तोंडी आहे. गावापासून अठराएक किलोमीटरवर कुलधरा नावाचे ओसाड गाव आहे. सरळ रस्ते, घरांच्या छपरावाचून उभ्या भिंती, मध्ये एक देऊळ. हे पालीवालांचे गाव. दिवाण सालिमसिंगाची नजर येथल्या एका मुलीवर गेली. तेव्हा अब्रूसाठी ८४ खेड्यांचे पालीवाल एका रात्रीत घरदार सोडून गेले आणि जाताना शाप देऊन गेले की येथे पुन्हा कोणी वसणार नाही. वाटाडे ही कथा अंगावर काटा येईल अशी सांगतात, आणि अलीकडे तर भुतांच्या नावाने तेथे गर्दी होते.

सालिमसिंग काल्पनिक नाही. त्याचा बाप दिवाण असताना दरबारात मारला गेला. मुलाने पुढे दिवाण होऊन त्याचा सूड उगवला आणि राज्य पिळून काढले. कर्नल टॉडने १८२९ ते १८३२ च्या दरम्यान प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याच्या जुलुमाची हकीकत दिली आहे, आणि पालीवाल देशोधडीला लागल्याचेही लिहिले आहे. पण एका रात्रीची गोष्ट कागदपत्रांत दिसत नाही. अभ्यासकांच्या मते गावे हळूहळू, काही दशकांत रिकामी झाली. विहिरी आटणे, कराचा वाढता बोजा, आणि भूकंपाचा धक्का बसला असावा अशीही एक उपपत्ती आहे. मला स्वतःला १८१८ चे साल महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी १२ डिसेंबरला महारावळ मूळराजाचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. कंपनीने गादीला संरक्षणाची हमी दिली. तोपर्यंत शेतकरी आणि व्यापारी नाराज झाले तर राज्य धोक्यात येई, म्हणून जुलमाला काही सीमा होती. आता गादीचा रखवालदार बाहेर बसला, आणि आतल्या रयतेची मर्जी राखण्याचे कारण उरले नाही. रयतेच्या हातात एकच हत्यार राहिले, ते म्हणजे काम सोडून निघून जाणे. भुताच्या गोष्टीत हा संप हरवून गेला आहे. कुलधऱ्याच्या रिकाम्या भिंती शापाने उभ्या नाहीत. कर वसूल करणाऱ्याला दिलेले ते उत्तर आहे. १८२४ मध्ये सालिमसिंग मेला, पण गेलेले पालीवाल परत आले नाहीत. खडिनींचे बांध कोण दुरुस्त करणार?

दुसरे उत्तर याहून मोठे आहे आणि ते वाटाडे सांगत नाहीत. जैसलमेरच्या तांड्यांवर जो माल होता त्यात माळव्याची अफू हा मोठा हिस्सा होता. कंपनीला चीनच्या अफूचा व्यापार आपल्या मुठीत हवा होता. मुंबईहून माल न्यायचा तर कंपनीचा परवाना आणि कर. म्हणून व्यापारी तो चुकवून राजस्थानातून पाली, जैसलमेर करीत कराचीला नेत आणि तेथून जहाजाने दमणकडे. या आडवाटेवर जैसलमेरचे सराफ गब्बर झाले. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ही आडवाट एका फटक्यात बंद झाली. मग चोरवाटेची भीती उरली नाही, म्हणून मुंबईचा परवाना-कर पेटीमागे सव्वाशे रुपये होता तो चार वर्षांत चारशेवर नेला. माल मुकाट्याने मुंबईला येऊ लागला. पुढे रेल्वे आली. कराचीकडे १८६१ मध्ये, आणि १८८० च्या सुमारास राजपुताना-माळवा मार्गाने दिल्ली-अहमदाबाद जोडली गेली. गाड्या वाळवंटाला वळसा घालून गेल्या आणि उंट निकामी झाला.

मुंबईकरांनी या ठिकाणी थोडे थांबावे. अफू आणि कापूस यांच्या व्यापारात जमलेले भांडवल १८५४ नंतर मुंबईच्या गिरण्यांत गेले, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना मान्य आहे. म्हणजे ज्या प्रवाहाने जैसलमेर वाळले त्याच प्रवाहाने परळ-लालबाग फुलले. आणि आज? १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्याही बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनीवर मनोरे उठले. वाट बदलली की गाव उठते. उंटवाला आणि गिरणी कामगार यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर असेल, पण दोघांनाही कोणी विचारले नव्हते. भांडवलाला गाव नसतो, माणसाला असतो. हवेल्यांकडे पाहताना मला वाटते ते हेच.

माणसे मात्र गप्प बसली नव्हती. सागरमल गोपा यांचे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत असेल. १९०० मध्ये जैसलमेरला जन्मलेला हा माणूस असहकाराच्या चळवळीत पडला, संस्थानात त्याला बंदी झाली आणि तो आपल्या नागपुरात येऊन राहिला. तेथून त्याने 'जैसलमेर का गुंडाराज' या नावाने संस्थानी जुलुमाचा पाढा वाचला. १९४१ मध्ये तो गावी गेला असता त्याला पकडले. तुरुंगात त्याचे अतोनात हाल झाले. १९४६ च्या एप्रिलच्या आरंभी तो कोठडीत भाजला आणि ४ एप्रिलला मरण पावला. चौकशीने आत्महत्या ठरवली. गावाने ती कधी मानली नाही. स्वातंत्र्य सोळा महिन्यांवर आले होते आणि १९४९ मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झाले. सोनेरी किल्ल्याच्या चित्रात या काळ्या कोठडीलाही जागा असली पाहिजे.

फाळणीने उरलीसुरली पश्चिमेची वाटही तोडली. पूर्वी सिंधकडे जाणारा रस्ता आता काटेरी तारेपाशी संपला. बंदराचे टोक झाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी मात्र दिल्लीला या टोकाची आठवण झाली. डिसेंबर १९७१ ची लोंगेवालाची लढाई याच जिल्ह्यातली. सैन्यासाठी रस्ते आले आणि १९६० चे दशक सरता सरता आगगाडी गावाला पोचली. १९५८ मध्ये पायाभरणी झालेला राजस्थान कालवा, जो १९८४ पासून इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो, त्याचे हिमालयातले पाणी १९८७ मध्ये या जिल्ह्यात आले. त्याच्या एका शाखेला सागरमल गोपांचे नाव दिले आहे. ज्याला जाळले त्याच्या नावाने पाणी वाहते, एवढा न्याय तरी झाला.

पण पाण्यानेच आता किल्ल्यापुढे संकट उभे केले आहे. हा किल्ला रिकामा नाही. आत काही हजार लोक राहतात. त्यांचे पूर्वज शतकानुशतके गडीसराचे पाणी डोक्यावरून वर आणीत. ते जपूनच वापरले जाई. मग नळ आले, संडास आले, आणि पर्यटकांसाठी खाणावळी आणि पाहुणघरे आली. पाण्याचा खप अनेक पटींनी वाढला, पण ते बाहेर काढण्याची गटारे नीट झाली नाहीत. टेकडीच्या पोटात मऊ मातीचे थर आहेत. पाणी त्यांत झिरपले आणि पाया सुटू लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत किल्ल्याचे नाव आले, मग दुरुस्त्या झाल्या. तरीही ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग कोसळलाच.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो, की आतली माणसे बाहेर काढा आणि किल्ला रिकामा जतन करा. मला हा उपाय पटत नाही. किल्ला उभा राहिला तो त्यातल्या वस्तीमुळे. ती काढली की उरेल ते कवच. दोष नळाचा नाही, न बांधलेल्या गटाराचा आहे. नळाच्या उद्घाटनाला पुढारी येतात, गटाराच्या उद्घाटनाला कोणी येत नाही. शिवाय किल्ल्यात पाणी जास्त वापरतो कोण? घागरभर पाण्यात दिवस काढलेली म्हातारी, की दोन वेळा आंघोळ करणारा आपल्यासारखा पाहुणा? ज्याने जास्त वापरले त्याने आधी सोसावे, हा साधा न्याय आहे. किल्ल्यातली पाहुणघरे खाली हलवावीत, तेथे काम करणाऱ्या पोरांची रोजी खाली आल्यावरही चालू राहील अशी तजवीज करावी, आणि रहिवाशांना घरात राहू द्यावे. आम्ही खालच्या गावात उतरलो होतो. तेथूनही किल्ला तितकाच सुंदर दिसतो.

उंटवाले, वाटाडे, खाणावळीतले वाढपी, कमायचा वाजवणारे मांगणियार गायक, या साऱ्यांचा धंदा ऑक्टोबर ते मार्च. उरलेले सहा महिने उन्हाचे आणि उसनवारीचे. मांगणियारांची गोष्ट बोलकी आहे. हे मुसलमान गायक, यांचे यजमान बहुतेक हिंदू. लग्नात, बारशात यांनी गायचे आणि यजमानाने त्यांना सांभाळायचे. १९६० नंतर कोमल कोठारी यांनी त्यांना ध्वनिमुद्रणापुढे आणि जगापुढे आणले. आज त्यांतले काही परदेशांत गातात आणि पुष्कळजण हॉटेलच्या अंगणात पाहुण्यांच्या जेवणापुरते. यजमान गेला, गिऱ्हाईक आले. गिऱ्हाईक गाणे ऐकून निघून जाते. आजारपणात दार ठोठवावे असे दार राहत नाही. खळ्यावरच्या धान्याच्या राशीसारखीच ही गोष्ट आहे.

वारसा या शब्दाचा अर्थ आपण फार अरुंद करून ठेवला आहे. जुनी इमारत, जुनी मूर्ती, जुनी पोथी म्हणजे वारसा. जैसलमेर मला सांगते की आगोर स्वच्छ ठेवण्याचा दंडक हाही वारसा आहे, कुईत वाळू फेकणाऱ्या माणसांची अक्कल हाही वारसा आहे, आणि करवसुलीपुढे मान न वाकवता निघून गेलेल्या खेड्यांची हिंमत हाही वारसाच आहे. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते, कारण नकाशे असतात. कसबी माणूस उपाशी राहून त्याच्या मुलाने धंदा सोडला, तर ती विद्या कोणत्या नकाशावरून उभी करणार? जे कोणी सुट्टीत तिकडे जातील त्यांनी हवेली जरूर पाहावी, कुलधऱ्यालाही जावे. पण एखादी चालू खडीन पाहून यावी, दगड कोरणाऱ्याच्या शेजारी घटकाभर बसावे, आणि त्याला त्याचे नाव विचारावे.